स्वभाव आणि विषाद

‘स्वभावाला औषध नाहीं’ ही म्हण आमच्या घराघरांतून इतकी रुळलेली आहे कीं, एखादें माणूस महिनेच्या महिने खिन्न बसून राहिलें, जेवणावरची त्याची वासना उडाली, पहाटे तीन वाजतां जागें होऊन तें आढ्याकडे पाहूं लागलें, तरी तिचा आधार घेऊन बाकीचीं माणसें निश्चिंत असतात. कोणी म्हणतो, हा लहानपणापासूनच एकलकोंडा. कोणी म्हणते, हिच्या माहेरचीं सगळींच अशीं रडवीं. स्वभाव आणि रोग यांची ही गल्लत फार जुनी आहे, व ती केवळ अडाण्यांचीच नव्हे. म्हणून कोणत्या स्वभावाच्या मनुष्यास विषादाचें भय अधिक, याविषयीं आज जें कळलें आहे तें या महिन्यांत वाचकांपुढें ठेवण्याचें आम्ही योजिलें आहे.

विषाद हा शब्द आम्ही मुद्दाम वापरीत आहों. इंग्रजींत ज्यास डिप्रेशन म्हणतात त्यास हल्लीं ‘नैराश्य’ म्हणण्याचा प्रघात पडला आहे. परंतु निराशा ही कशाची तरी असते, आणि या रोगांत ती पुष्कळदां कशाचीच नसते. गीतेच्या पहिल्या अध्यायाचें नांवच अर्जुनविषादयोग आहे. तेथें ज्याचें अवसान गळतें तो कोणी भित्रा नव्हे, पांडवसेनेंतील श्रेष्ठ धनुर्धर होय. हें आमचे कीर्तनकार सांगतात, पण श्रोते घरीं पोंचेपर्यंत विसरतात. चरकाचार्यांनीं तर रोग वाढविणाऱ्या गोष्टींत विषादालाच अग्रस्थान दिलें आहे.

माणसांचे प्रकार पाडण्याची हौस मात्र सर्व देशांतील पंडितांस सारखीच. ग्रीक वैद्यांनीं शरीरांत चार रस मानिले व त्यांतील काळें पित्त वाढलें म्हणजे मनुष्य खिन्न होतो असें ठरविलें. मेलँकोलिया या शब्दाचा अर्थच काळें पित्त. चरकसंहितेच्या शारीरस्थानांत सात सात्त्विक, सहा राजस व तीन तामस अशीं मिळून सोळा सत्त्वें वर्णिलीं आहेत. गंमत अशी कीं, युंग या स्विस पंडिताच्या १९२१ सालच्या ग्रंथावरून अमेरिकेंतील ब्रिग्ज व मायर्स या मायलेकींनीं जी पद्धति बसविली तिच्यांतही प्रकार सोळाच भरले. आतां आमचीं नातवंडें आपापलीं चार अक्षरें एकमेकांस मोबाईलवर कळवितात आणि त्यांवरून कोणास विषाद होईल याचें भाकित करीत बसतात. राशिभविष्य सुटलें आणि हें लागलें! मनुष्याचा स्वभाव उंचीसारखा आहे. कोणी थोडा उंच, कोणी अधिक. उंच आणि ठेंगणे अशा दोनच जाति कल्पिल्या तर मधल्या बहुसंख्य लोकांनीं कोठें जावें? म्हणून शास्त्रज्ञ प्रकार सोडून मापाकडे वळले.

आयझेंक यांनीं १९४७ सालच्या आपल्या ग्रंथांत स्वभावाचें जें एक माप मांडलें त्याचें महत्त्व पुढील संशोधनांत टिकून राहिलें. त्यास इंग्रजींत न्यूरॉटिसिझम म्हणतात. आम्ही क्षोभशीलता म्हणूं. लहानशा शब्दानें मन दुखावणें, चिंता लवकर लागणें व उशिरां सुटणें, घडून गेलेली गोष्ट रात्रभर घोळविणें, हीं तिचीं लक्षणें. स्वभावाच्या सर्व अंगांत विषादाशीं घट्ट नातें आढळतें तें तिचेंच. आणि जुळ्या भावंडांच्या अभ्यासावरून असेंही दिसतें कीं, दोहोंच्या मुळाशीं अनुवंशाचा कांहीं भाग समाईक आहे. याउलट अबोलपणाचा दोष लोक समजतात तेवढा नाहीं. कोपऱ्यांत पुस्तक घेऊन बसणारा मुलगा त्या पुस्तकांत रमत असेल तर आईनें घाबरूं नये. रमणें थांबलें तर मात्र लक्ष द्यावें.

परंतु आमच्या वाचकवर्गास ज्यांत आपलें प्रतिबिंब दिसेल तो स्वभाव निराळाच आहे. हायडेलबर्ग येथील टेलनबाख या मनोवैद्यानें १९६१ सालच्या ग्रंथांत असें दाखविलें कीं, तीव्र विषादानें आजारी झालेल्यांपैकीं पुष्कळसे लोक आजारापूर्वीं आळशी किंवा दुबळे नव्हते. उलट अत्यंत टापटिपीचे, कर्तव्यदक्ष, कोणाचें देणें न ठेवणारे, दुसऱ्यासाठीं झिजणारे असे होते. जपानांत शिमोदा यांनीं त्याच्याही आधीं असेंच लिहून ठेविलें होतें. वाचकांस हें चमत्कारिक वाटेल, कारण नव्या मापनांत कर्तव्यदक्षता ही सामान्यतः तारकच ठरते, आणि तें खरेंही आहे. वेळच्या वेळीं काम करणाऱ्याचा संसार नीट चालतो व संकटें कमी येतात. धोका आहे तो त्या टापटिपीच्या मागें कठोर आत्मनिंदा दडलेली असेल तेथें. असा मनुष्य स्वतःची किंमत पुऱ्या केलेल्या कामावरून ठरवितो. दुखणें, निवृत्ति, घर बदलणें, बाळंतपण, अशा कारणांनीं काम मागें पडूं लागलें कीं तो स्वतःच्याच हिशेबांत कर्जबाजारी होतो, व तें कर्ज दुसऱ्या कोणासही दिसत नाहीं.

आमच्या भातकुली तालुक्यांत हें कर्ज दोन्ही अर्थांनीं पाहावयास मिळतें. पूर्णेच्या खोऱ्यांतील हा खारपाणपट्टा. जमीन काळी, खोल व कसदार, पण तळचें पाणी खारें. विहीर खणून ओलीत करावें म्हटलें तर जमीनच बिघडावयाची. सगळा भार पावसावर. कापूस, तूर, सोयाबीन यांपैकीं एखादें पीक हातचें गेलें कीं सावकाराचा, सोसायटीचा व मुलीच्या लग्नाचा असे तीन हिशेब एकाच रात्रीं डोक्यांत सुरू होतात. आमच्या हाताखालीं शिकलेला एक विद्यार्थी, वहीला समास आंखल्याशिवाय गणित न सोडविणारा, पुढें उत्तम शेतकरी झाला. लागोपाठ दोन हंगाम बुडाल्यावर त्यानें बैलजोडी विकून हप्ता भरला. सर्वांनीं त्याची वाहवा केली. त्यानंतर तो बाजाराच्या दिवशीं दिसेनासा झाला. आम्ही घरीं गेलों तेव्हां त्याची बायको म्हणाली, “गुरुजी, त्यायचा सभावच तसा हाये. बोलतच नाईत कोनाशी.” पण तो मितभाषी कधींच नव्हता, वर्गांत त्यास गप्प बसविणें हें आमचें रोजचें काम होतें. पेरणी तोंडावर आली असतां बियाणें आणावयाचें त्याच्या ध्यानांतही नव्हतें. अखेर धाकट्या भावानें त्यास अमरावतीस मनोविकारतज्ज्ञाकडे नेलें. औषध सुरू झाल्यावर कांहीं आठवड्यांनीं तो शेतांत जाऊं लागला.

स्वभाव आणि रोग ओळखण्याची खूण यांतच आहे. स्वभावास आरंभतिथि नसते, रोगास असते. हा मनुष्य पूर्वीं असा होता काय, एवढा एकच प्रश्न घरच्यांनीं प्रामाणिकपणें विचारावा. दोन आठवड्यांहून अधिक काळ बहुतेक दिवसभर मन उदास राहणें किंवा कशांतच गोडी न वाटणें, त्याबरोबर झोंप, भूक, उत्साह व एकाग्रता बिघडणें, आपण निरुपयोगी आहोंत असें वाटणें, हीं वैद्य पाहतात तीं लक्षणें. आणखी एक सूक्ष्म गोष्ट आहे. आजारांत मनुष्यास त्याच्या स्वभावाविषयीं विचारलें तर तो म्हणतो, मी जन्माचाच रडका. बरा झाल्यावर तोच मनुष्य निराळें उत्तर देतो. म्हणून विषादाच्या भरांत स्वतःचा केलेला निवाडा, मग तो प्रश्नपत्रिकेवर का असेना, ग्राह्य धरूं नये.

साने गुरुजींचें नांव येथें घेतल्यावांचून आम्हांस राहवत नाहीं. अमळनेरच्या शाळेंतील हे शिक्षक. पंढरपूरचें मंदिर अस्पृश्य गणलेल्या बांधवांस खुलें व्हावें म्हणून १९४७ सालीं उपोषणास बसलेले. ११ जून १९५० रोजीं त्यांनीं स्वतःच आपली जीवनयात्रा संपविली. त्यांस कोणता रोग होता हें इतक्या वर्षांनीं ठरविण्याचा अधिकार कोणासही नाहीं, आणि अशा मृत्यूस एकच कारण कधीं नसतें. पण ‘फार हळवे होते’ एवढ्या शब्दांत महाराष्ट्रानें त्यांची बोळवण केली. हळव्या मनुष्यास दुखणेंही असूं शकतें हा विचार मागेंच राहिला, असें आमचें मत आहे.

आपल्याच जिल्ह्यांतील एक प्रयोग पुष्कळ वाचकांच्या कानांवर आला नसेल. अमरावती जिल्ह्यांतील ३० खेड्यांत ‘विश्राम’ नांवाचा उपक्रम राबविण्यांत आला व त्याचा वृत्तांत २०१७ सालीं लॅन्सेट सायकियाट्री या मासिकांत प्रसिद्ध झाला. साध्या माणसांस शिकवून त्यांनीं घरोघरीं जाणें, समुपदेशन करणें व गरज पडल्यास मनोविकारतज्ज्ञाकडे पाठविणें, अशी योजना. आरंभीं विषादग्रस्तांपैकीं शेंकडा ४.३ लोकच उपचारापर्यंत पोंचत. १८ महिन्यांनीं तें प्रमाण २७.२ झालें. लोकांत विषादाचें प्रमाण शेंकडा १४.६ वरून ११.३ वर आलें, आणि मागील वर्षभरांत आत्मघाताचे विचार आलेल्यांचें ५.२ वरून २.५ वर. तुलनेसाठीं दुसरीं गांवें घेतलेलीं नव्हतीं, तेव्हां सारें श्रेय या उपक्रमाच्याच पदरांत घालणें घाईचें होईल. पण रोगी शोधावयाचे ते स्वभावावरून नव्हे, लक्षणांवरून, हें तेथें उमगलेलें होतें. कर्ज आणि पाऊस जेथल्या तेथें राहूनही एवढा फरक पडला, हेंही लक्षांत घेण्यासारखें आहे.

आतां त्या म्हणीविषयीं. २०१७ सालींच रॉबर्ट्स व त्यांचे सहकारी यांनीं २०७ अभ्यासांचा एकत्र विचार केला तेव्हां असें आढळलें कीं, सरासरी २४ आठवड्यांच्या उपचारानें स्वभावाचीं मापेंही बदलतात, व सर्वांत अधिक बदलते ती हीच क्षोभशीलता. म्हणजे औषध रोगाला आहे आणि थोडें स्वभावालाही आहे.

स्त्रियांत विषाद पुरुषांच्या सुमारें दुप्पट आढळतो. तेव्हां घरांत जी सून कधीं तक्रार करीत नाहीं, जिचें स्वयंपाकघर सदा आरशासारखें असतें, तिची चौकशी अधूनमधून अवश्य व्हावी. ‘जगणें नकोसें वाटतें काय?’ असें सरळ विचारल्यानें तो विचार मनांत नव्यानें उत्पन्न होत नाहीं. उलट बोलावयास वाट मिळते. १४४१६ हा ‘टेली मानस’चा सरकारी दूरध्वनि ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे, तो विनामूल्य आहे, अहोरात्र चालतो व मराठींत बोलतां येतें. कर्तव्यदक्ष मनुष्य स्वतःसाठीं तो क्रमांक सहसा फिरविणार नाहीं, दुसऱ्याचा वेळ कशास घ्यावा म्हणून. घरच्या माणसानें त्याच्याजवळ बसून फिरवावा.