रविवारी ख्रिस्ती, सोमवारी कोण?



जून आला की बोथच्या मीसेवा केंद्रापुढे रांग लागते. कोणाला उत्पन्नाचा दाखला हवा असतो, कोणाला जातीचा. परवा धर्मशिक्षणाच्या वर्गातली एक मुलगी विचारू लागली, "सर, फॉर्मवर धर्म काय लिहू?" मी तोंड उघडण्याआधीच मागून एका वडीलधाऱ्यांनी सांगून टाकले, "जे फायद्याचे ते लिही बाई. देव मन बघतो, कागद बघत नाही."

हे वाक्य आपल्या मंडळीत फार चालते. शमुवेलाच्या पहिल्या पुस्तकात देव हृदय पाहतो असे आहे खरे. पण अलियाबाच्या उंचपुऱ्या देहाला भुललेल्या शमुवेलाला ते सांगितले होते. खोटे लिहिण्याची मुभा म्हणून नव्हे.

किंमत किती आहे ते मला ठाऊक आहे. 10 ऑगस्ट 1950 च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातींचा दर्जा फक्त हिंदूंपुरता ठेवला. 1956 मध्ये शिखांना आणि 1990 मध्ये बौद्धांना त्यात घेतले. ख्रिस्ती बाहेरच राहिले. आपल्या गोंड, कोलाम बांधवांचा जमातीचा दर्जा ख्रिस्ती झाल्याने जात नाही. ओझे पडते ते महार, मांग, माला, मादिगा घरांवर. तेलंगणात त्यांना बीसी-सी गटात ढकलले जाते. तिथे 15 टक्क्यांच्या जागी 1 टक्का. बाप्तिस्मा झाला म्हणून वस्ती बदलत नाही, विहिरीवरची नजर बदलत नाही. म्हणजे हा कायदा अन्यायाचाच आहे, आणि त्याविरुद्ध बोलणे अविश्वास नव्हे. पौलानेही आपले रोमी नागरिकत्व पुढे करून न्याय मागितला होता.

पण पौलाने न्याय मागितला तो स्वतःचे खरे नाव सांगून. आपण मात्र अन्यायाला खोट्याने उत्तर देतो. ज्या दिवशी आपण खोटा दाखला घेतो, त्या दिवशी न्याय मागायला उभे राहणाऱ्यांचे तोंड आपणच बंद करतो. नोव्हेंबर 2024 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पुद्दुचेरीच्या एका ख्रिस्ती बाईचा अनुसूचित जातीचा दावा फेटाळला. कोर्टाची भीती बाजूला ठेवा. खोट्या साक्षीविषयीची आज्ञा त्याहून जुनी आहे.

शेकोटीपाशी पेत्राचे मन कुठे होते? प्रभूपाशीच. नाकारले ते फक्त तोंडाने. मन पुरेसे असते, तर तो बाहेर जाऊन रडला कशाला?

मी हे वरून बोलत नाही. बी.ए.च्या पहिल्या दोन वर्षांत मी तसाच दाखला जोडून शिष्यवृत्ती घेतली. तिसऱ्या वर्षी वडिलांना कळले. ते रागावले नाहीत. एवढेच म्हणाले, "रविवारी तू वाचन करतोस ते कोणाच्या नावाने?" मी त्या वर्षी अर्ज भरला नाही. बैलजोडीतला एक बैल विकून फी भरली गेली, आणि तो हंगाम वडिलांनी शेजाऱ्याच्या बैलावर काढला. आधी घेतलेले पैसे मी परत केले नाहीत, हे आजही मला टोचते.

रेव्हरंड टिळकांनी 1895 मध्ये मुंबईत बाप्तिस्मा घेतला, तेव्हा लक्ष्मीबाई आणि लहान मुलगा दुरावले. काही वर्षे संसार तुटलेला राहिला. मनात ख्रिस्त आणि घरात पूर्वीचेच सारे, अशी सोय टिळकांनाही करता आली असती. त्यांनी ती केली नाही. पुढे लक्ष्मीबाई स्वतःच्या विचाराने ख्रिस्ताकडे आल्या, त्या लपवलेल्या विश्वासाकडे पाहून नव्हे.

आता एक शब्द आपल्यासारख्यांसाठी, ज्यांची मुले शिकून मार्गी लागली आहेत. गरिबाच्या मुलीला "खरे लिही" म्हणायचे आणि घरी जाऊन जेवायचे, हे परूशांचे काम झाले: ओझे बांधून द्यायचे आणि बोटही लावायचे नाही. कुरेनेकर शिमोनाने वधस्तंभ उचलला, उपदेश केला नाही. म्हणून माझे मागणे असे: चर्चच्या रंगरंगोटीआधी मुलांच्या फीसाठी पेटी ठेवा. कापूस विकला की पहिली मूठ तिच्यात टाका. तहसीलला बीसी-सीचा दाखला काढायला पोरांसोबत आपण जाऊ. आणि 10 ऑगस्टला, देशभरच्या मंडळ्या काळा दिवस पाळतात तेव्हा, आपण घरी बसायचे नाही.

त्या मुलीला मी म्हणालो, "ख्रिस्ती लिही. फीचे आपण बघू." आता "आपण" हा शब्द खोटा ठरू नये, एवढे तुमच्या हातात आहे.

हे प्रभू, तुझे नाव लिहिताना आमचा हात थरथरू देऊ नकोस. आणि जो लिहील त्याला एकटे सोडण्याचे पाप आमच्याकडून होऊ देऊ नकोस. आमेन.