हळदीचा अभिमान आणि पुराव्याचा आग्रह

१९९५ साली हळदीच्या जखम भरून काढण्याच्या गुणावर अमेरिकेत पेटंट दिले गेले. डॉ. रघुनाथ माशेलकर यांच्या नेतृत्वाखालील वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेने त्यास आव्हान दिले आणि १९९७ मध्ये ते रद्द करविले. ही लढाई घोषणांनी जिंकली गेली नाही. जुने संस्कृत ग्रंथ आणि भारतीय वैद्यकीय नियतकालिकातील १९५३ चा लेख, असे लेखी पुरावे परिषदेने पुढे ठेवले होते.

आज त्याच हळदीचा अर्क ‘वार्धक्य रोखणारा अँटिऑक्सिडंट’ म्हणून कॅप्सूलमधून घरोघरी येत आहे. निवृत्तिवेतनातला मोठा हिस्सा त्यावर खर्च करणारी कुटुंबे आपण पाहतो. मग पुराव्याचा तो आग्रह येथे का नसावा?

फ्री रॅडिकल नावाच्या अस्थिर रेणूंमुळे शरीर जीर्ण होते, हा सिद्धांत डेनहॅम हार्मन यांनी १९५६ मध्ये मांडला. तेव्हा त्यांना आवर घालणारी द्रव्ये गोळीतून घेतली की तारुण्य टिकेल, असा तर्क रूढ झाला. प्रत्यक्ष चाचण्यांनी मात्र निराशा केली. फिनलंडमध्ये धूम्रपान करणाऱ्या २९,१३३ पुरुषांवर झालेल्या चाचणीत गाजरातील बीटा कॅरोटीन गोळीरूपाने घेणाऱ्यांत फुप्फुसाचा कर्करोग १८ टक्क्यांनी अधिक आढळला (१९९४). अमेरिकेतील १४,६४१ डॉक्टरांना क आणि ई जीवनसत्त्वे वर्षानुवर्षे देऊनही हृदयविकार टळला नाही (२००८). कारण हे रेणू केवळ शत्रू नव्हेत. रोगजंतूंशी लढताना शरीर त्यांचाच उपयोग करते.

हळदीतील कर्क्युमिन आतड्यातून फारच थोडे शोषले जाते. शोषण वाढविलेल्या कर्क्युमिनने स्मरणशक्ती सुधारल्याचे २०१८ च्या एका अमेरिकी चाचणीत दिसले, पण तीत सहभागी होते अवघे ४० जण. अशा अर्कांमुळे यकृतास इजा झाल्याच्या नोंदीही आहेत. रक्त पातळ करणारी औषधे घेणाऱ्या ज्येष्ठांनी तर वैद्यांना विचारल्याविना त्यांना हात लावू नये.

याचा अर्थ फोडणीतली हळद वा ताटातला आवळा त्याज्य आहे, असा मुळीच नाही. भाज्या-फळांनी युक्त आहार व नित्य चालणे यांच्या बाजूने असलेला पुरावा कोणत्याही कॅप्सूलपेक्षा भक्कम आहे. चरकसंहितेनेही औषधी रसायनांबरोबर सदाचरणाला ‘आचाररसायन’ म्हणून स्थान दिले आहे. परंपरेचा खरा अभिमान असेल, तर तिच्या नावावर विकल्या जाणाऱ्या प्रत्येक डबीला आपण प्रथम पुरावा मागितला पाहिजे.