कावीळ उतरवण्याआधी

पावसाळ्यात आळीतल्या एखाद्या घरी कावीळ झाली, की तासाभरात दहा सल्ले गोळा होतात. हळद बंद करा, उसाचा रस पाजा. आणि एखाद्या मावशी गळ्यात घालायची माळ घेऊनच येतात. माळ लांबत लांबत पोटापर्यंत आली की कावीळ ‘उतरली’! आता ही माळ लांबते ती ओल्या काड्या वाळून गाठी सैल पडतात म्हणून. आणि पाण्यातून येणारी कावीळ बहुतेकांची विश्रांतीनं आपली आपणच बरी होते. श्रेय मात्र माळेला! माळेशी माझं भांडण नाही. पण तिच्या भरवशावर रक्त तपासायचं राहून जातं, त्याचं काय?

कारण कावीळ हे नुसतं लक्षण आहे. यकृत सुजवणारे विषाणू मुख्यतः पाच : ए, बी, सी, डी आणि ई. त्यातले ए आणि ई दूषित पाण्यातून, अन्नातून येतात. १९५५-५६ साली दिल्लीत सांडपाणी पिण्याच्या पाण्यात मिसळलं आणि सुमारे २९ हजार लोकांना कावीळ झाली. आपल्या इचलकरंजीत २०१२ साली अशीच साथ आली होती. ‘ई’ प्रकार गरोदर बाईला फार वाईट. शेवटच्या तीन महिन्यांत झाला तर शंभरात वीस-पंचवीसजणी दगावू शकतात. तेव्हा दिवस गेलेल्या बाईचे डोळे पिवळे दिसले, की त्याच दिवशी दवाखाना गाठायचा. घरात पाणी चांगलं खळखळा उकळून झाकून ठेवा, आणि घ्यायला दांड्याचं ओगराळं वापरा. रस्त्यावरचा रस, त्यातल्या बर्फासकट, टाळलेलाच बरा. हळदीनं मात्र कावीळ वाढत नाही हो! बेचव जेवणानं आजारी माणूस आणखीच खंगतो. दारू वर्ज्य, आणि तापाची गोळीसुद्धा डॉक्टरांना विचारूनच.

बी आणि सी यांची गोष्ट वेगळी. ते रक्तातून येतात आणि वर्षानुवर्षं गुपचूप बसतात. डोळे पिवळे होतात तेव्हा कित्येकदा यकृत आक्रसलेलं असतं, नाहीतर कॅन्सर झालेला असतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२२ साली जगात २५ कोटींवर लोकांना बी आणि ५ कोटींना सी होता. हिपॅटायटिसनं त्या वर्षी १३ लाख माणसं गेली. बी झालेल्यांपैकी सुमारे ३ कोटी आपल्या देशातले.

एका वाचक भगिनीनं लिहिलंय, ‘‘तिसरा महिना आहे. तपासणीत बी निघाला. सासूबाईंनी ताटवाटी वेगळी केली. बाळाला जवळ घेता येईल ना?’’

येईल, आणि अंगावर पाजताही येईल. ताटातून, पाण्यातून, जवळ घेण्यातून बी पसरत नाही. सासूबाईंना हे वाचून दाखवा. दाढीचं ब्लेड, टूथब्रश, सुई यांची अदलाबदल मात्र नको. यजमानांची तपासणी करून घ्या; त्यांना नसेल तर लस टोचायची. रक्तात विषाणू किती आहेत हे डॉक्टर पाहतील, आणि जास्त असतील तर शेवटच्या महिन्यांत तुम्हाला गोळ्या देतील.

खरी घाई बाळाची. जन्मतःच लागण झालेल्या शंभर बाळांपैकी नव्वदांत तो कायमचा मुक्काम करतो. म्हणून जन्मापासून २४ तासांच्या आत लस, आणि आई बाधित असेल तर सोबत इम्युनोग्लोब्युलिनचं इंजेक्शन. पुढचे डोसही चुकवायचे नाहीत.

सरकारी कार्यक्रमात २०१८ पासून तपासणी आणि औषधं मोफत आहेत. जिल्हा रुग्णालयात विचारा. सी तर साधारण तीन महिन्यांच्या गोळ्यांनी बहुतेकांचा पूर्ण बरा होतो.

आणि हो, ते इंजेक्शन प्रत्येक प्रसूतिगृहात हाताशी असतंच असं नाही. आठव्या महिन्यातच मागवून ठेवायला सांगा, आणि बाळंतपणाची पिशवी भराल तेव्हा रक्ताचा रिपोर्ट सगळ्यात वर ठेवा.