पेटंटच्या नावानं भिऊ नका, भुलूही नका

देवळाली प्रवऱ्यात मसाल्याचा गट चालवणाऱ्या ताई, राहुरी फॅक्टरीवरचे साडीवाले, वर्कशॉपवाले दादा, हे तुमच्यासाठी आहे. आज ना उद्या एखादा चुणचुणीत तरुण लॅपटॉप उघडून तुमच्यासमोर बसेल. व्हिडिओ चालू असताना साडीवर बोट ठेवलं की किंमत दिसते, पुन्हा दाबलं की ऑर्डर जाते, हे तो करून दाखवेल. मग म्हणेल, "हे आमचं पेटंट आहे. दुसरं कुणी देऊच शकत नाही. वर्षाचे पैसे आगाऊ भरा."

पैसे काढण्याआधी त्याला पेटंटचा नंबर मागा. कुठल्या देशातलं, तेही विचारा. पेटंट त्या त्या देशापुरतं असतं, अमेरिकेतलं इथं चालत नाही, आणि अर्जापासून २० वर्षांत ते संपतं. "पब्लिश झालंय" असं उत्तर आलं तर दबून जाऊ नका. अर्ज साधारण १८ महिन्यांनी प्रसिद्ध होतोच. त्यात गुणवत्तेची पावती काही नसते. मंजूर झालंय का, हे विचारायचं. पेटंट कार्यालयाच्या संकेतस्थळावर नंबर टाकून फुकट बघता येतं. घरातल्या कॉलेजच्या पोराला सांगा. मिळालेलं नसताना "पेटंटेड" म्हणून माल खपवणं हा कायद्यानं दंडाचा विषय आहे, आणि तो दंड १० लाख रुपयांपर्यंत जाऊ शकतो, हेही त्या तरुणाला चहा देताना सांगायला हरकत नाही.

आपल्या १९७० च्या पेटंट कायद्याचं कलम ३(के) म्हणतं की नुसता संगणकाचा प्रोग्राम किंवा धंदा करण्याची रीत यांना पेटंट नाही. प्रोग्राममुळे खरोखर काही तांत्रिक परिणाम साधत असेल तर गोष्ट वेगळी. दिल्ली उच्च न्यायालयानं २०१९ मध्ये फरीद अलानी यांच्या प्रकरणात तसं सांगितलं. म्हणजे हलत्या चित्रातली साडी अचूक धरून ठेवण्याची एखादी नवी करामत कदाचित पेटंटला पात्र ठरेल. पण व्हिडिओ दाखवून माल विकायचा, ही कल्पना कुणाच्या बापाची नाही. येवल्याचे पैठणीवाले साधं लाईव्ह करतात, "आवडली त्याचा स्क्रीनशॉट व्हॉट्सअ‍ॅपला टाका" म्हणतात आणि साड्या विकतात.

मोठ्यांच्या भांडणातही पेटंटनं धंदा थांबतो असं नाही. अ‍ॅमेझॉनला सप्टेंबर १९९९ मध्ये अमेरिकेत 'वन-क्लिक'चं पेटंट मिळालं: एकदा दाबा, ऑर्डर झाली. पुढच्याच महिन्यात त्यांनी बार्न्स अँड नोबल या पुस्तकविक्रेत्या कंपनीला कोर्टात खेचलं आणि डिसेंबरात मनाई हुकूम मिळवला. बार्न्सनं काय केलं? गिऱ्हाइकाला आणखी एक बटण दाबायला लावलं आणि पुस्तकं विकत राहिली! २००१ मध्ये वरच्या कोर्टानं मनाई उठवली, २००२ मध्ये तडजोड झाली, २०१७ मध्ये पेटंटची मुदतच संपली. अ‍ॅपलनं मात्र २००० मध्येच परवाना घेतला होता. हा खेळ ज्यांना वर्षानुवर्षं वकील पोसता येतात त्यांचा. आपल्यापर्यंत तो पोचतो तो एक तर धाक म्हणून, नाहीतर वाढीव वर्गणी म्हणून.

तुमच्या धंद्याला खरा धोका दुसरीकडे आहे. टिकटॉक २९ जून २०२० ला बंद झालं, आणि ज्यांचं सगळं गिऱ्हाईक तिथंच होतं त्यांचे हात रिकामे राहिले. फेसबुकनं लाईव्ह शॉपिंगची सोय १ ऑक्टोबर २०२२ पासून गुंडाळली. यूट्यूबनं ऑक्टोबर २०२४ मध्ये फ्लिपकार्ट आणि मिंत्राला सोबत घेऊन व्हिडिओत माल जोडण्याची सोय भारतात आणली. तीही किती वर्षं टिकेल, ते कंपनी ठरवणार, आपण नाही. म्हणून कुणाचंही अ‍ॅप घ्या, पण गिऱ्हाइकांची नावं आणि नंबर, त्यांना विचारून, आपल्या वहीत ठेवा. करारात तीन गोष्टी लिहून घ्या: व्हिडिओ आणि गिऱ्हाइकांची यादी तुमची, सोडून जाताना ती परत मिळणार, आणि पेटंटवरून कुणी दावा लावला तर निस्तरायचं अ‍ॅपवाल्यानं. तिसऱ्या अटीला तो का-कू करू लागला तर त्याच्या पेटंटवर त्याचाच किती भरवसा आहे ते कळेल.

उलट कुणी तुम्हालाच नोटीस पाठवली, तर लगेच पैसे देऊन मोकळं होऊ नका. पेटंटची पोकळ धमकी देणाऱ्याविरुद्ध कलम १०६ खाली कोर्टात जाता येतं. नोटीस वकिलाला दाखवा.

आता मसाल्याच्या ताई. मसाल्याची कृती पेटंट करायच्या फंदात पडू नका. नुसत्या मिश्रणाला पेटंट मिळत नाही, आणि अर्ज केला तर कृती जगासमोर उघडी होते. ती घरातच ठेवा. नोंदवायचं ते नाव. ट्रेडमार्कच्या ऑनलाइन अर्जाला व्यक्तीला एका वर्गासाठी ४,५०० रुपये लागतात, आणि दर दहा वर्षांनी नूतनीकरण केलं की नाव तुमचंच राहतं.

आता वर्कशॉपवाले दादा. आपल्या भागात ट्रॅक्टरला जोडायचं अवजार, कांदा पेरायचं यंत्र, फवारणीचा जुगाड करणारे हात कमी नाहीत. शेतीची पद्धत आणि वाण पेटंटमध्ये बसत नाहीत. वाणांसाठी २००१ चा वेगळा कायदा आहे. अवजार मात्र बसतं, ते नवं असेल तर. आणि इथंच आपली माणसं फसतात. अवजार तयार झालं की त्याच संध्याकाळी रील टाकतात, लाखभर लोक बघतात, पंजाबातून फोन येतात. पण आपल्या कायद्यात, मोजके अपवाद सोडले तर, स्वतःच उघड केलेली गोष्टही नवी राहत नाही. अमेरिकेत संशोधकाला त्यासाठी एक वर्षाची सवलत आहे, इथं तशी नाही. महिन्याभरात दुसऱ्या गावचा कारखानदार तेच अवजार रंग बदलून विकतो आणि आपण कपाळाला हात लावतो.

तेव्हा आधी तात्पुरत्या विवरणासह अर्ज करा. एकट्या माणसाला ऑनलाइन सरकारी फी १,६०० रुपये आहे. पेटंट एजंटाचा मेहनताना वेगळा, तो दोघातिघांकडे विचारून ठरवा. पूर्ण विवरण द्यायला पुढे १२ महिने मिळतात. अर्जाची पावती आली की दुसऱ्या दिवशी रील टाकली तरी चालते, फक्त अर्जात न लिहिलेली सुधारणा तिच्यात दाखवू नका.