काळे म्हणजे मळ नव्हे

लग्नसराईच्या दिवसांत औषधांच्या दुकानात एक मागणी हमखास ऐकू येते: ‘नाकावरचे काळे ठिपके जातील आणि चेहराही उजळेल, अशी एखादी ट्यूब द्या.’ डॉक्टरांची चिठ्ठी दुकानदार मागत नाही, गिऱ्हाईक दाखवत नाही. दोन मिनिटांत ट्यूब पिशवीत पडते आणि पुढचे दोन-तीन महिने ती रोज चेहऱ्याला लावली जाते. वर्धा असो, हिंगणघाट असो की आर्वी, हे दृश्य न पाहिलेला वाचक विरळाच.

या व्यवहाराच्या मुळाशी एक जुना गैरसमज आहे. ठिपका काळा दिसतो, म्हणजे तो मळ असणार आणि मळ घासल्याने निघतो. म्हणून घरोघरी बेसन, लिंबू, खाण्याचा सोडा, टूथपेस्ट, कुठे तर मीठ आणि साखरही चेहऱ्यावर घासली जाते. आई मुलीला ‘नीट तोंड धुत जा’ म्हणून रागावते. प्रत्यक्षात ब्लॅकहेडचा आणि अस्वच्छतेचा संबंध नाही.

चेहऱ्याच्या दर चौरस सेंटीमीटर त्वचेत साधारण ४०० ते ९०० तेलग्रंथी असतात. केसाच्या मुळाशी असलेल्या या ग्रंथींचे तेल रंध्रावाटे बाहेर येते. रंध्राच्या आतल्या मृत पेशीही त्याच वाटेने झडून जातात. वयात येताना अँड्रोजन संप्रेरके वाढतात, तेल जास्त सुटते आणि पेशी झडण्याऐवजी एकमेकींना चिकटू लागतात. त्यांचा बूच तयार होतो. वरचे तोंड बंद राहिले तर पांढरा दाणा, म्हणजे व्हाइटहेड. तोंड उघडे राहिले तर बुचाचा वरचा भाग हवेशी भिडतो, त्यातल्या तेलाचे ऑक्सिडीकरण होते, त्वचेतले मेलॅनिनही तिथे साचलेले असते आणि टोक काळे दिसते. काळा रंग तो एवढाच. साबणाने कितीही घासले तरी खाली रुतलेला बूच हलत नाही; वरची त्वचा मात्र सोलवटते आणि आग होते.

आणखी एक गोष्ट फारशी कोणी सांगत नाही. नाकाच्या शेंड्यावर आणि बाजूला जे बारीक, करड्या रंगाचे, एकसारखे ठिपके आरशात दिसतात, ते बहुतेक वेळा ब्लॅकहेड नसतातच. ते रंध्रातून तेल वर आणणारे नैसर्गिक तंतू. सगळ्यांना असतात. चिकटपट्टी लावून ओढले तर ते निघतात आणि महिनाभरात पुन्हा भरतात. पट्ट्या विकणाऱ्याला यापेक्षा चांगले गिऱ्हाईक कुठून मिळणार?

खऱ्या ब्लॅकहेडवर उपचार आहेत आणि ते महागडे नाहीत. व्हिटॅमिन ए पासून तयार झालेले ट्रेटिनॉइन मुरुमांवर गुणकारी ठरते, हे फिलाडेल्फियातील अल्बर्ट क्लिगमन आणि सहकाऱ्यांनी १९६९ मध्ये प्रसिद्ध केले. (कैद्यांवर केलेल्या प्रयोगांमुळे क्लिगमन यांच्यावर पुढे कठोर टीका झाली, तीही रास्तच.) त्याच कुळातले ॲडापलीन आज सर्रास वापरले जाते. ही औषधे पेशींचे चिकटणे कमी करतात, म्हणजे नवा बूच बनूच देत नाहीत. मटारच्या दाण्याएवढी जेल रात्री, कोरड्या चेहऱ्यावर, सगळीकडे पातळ पसरायची; फक्त ठिपक्यावर टिकली लावल्यासारखी नव्हे. पहिले दोन-तीन आठवडे त्वचा कोरडी पडते, सोलते, क्वचित मुरूम वाढल्यासारखेही वाटते. इथेच बहुतेक जण ट्यूब फेकून देतात. फरक दिसायला ८ ते १२ आठवडे लागतात, कारण आज दिसणारा ठिपका आत तयार व्हायला काही आठवडे गेलेले असतात. गर्भवतींनी किंवा गर्भधारणेचा विचार असणाऱ्यांनी ही औषधे वापरू नयेत. सौम्य त्रासात सॅलिसिलिक ॲसिडचे फेसवॉशही उपयोगी पडते. डोक्याला चोपडलेले तेल कपाळावर ओघळू न देणे, हा तर फुकटचा उपाय. नखाने पिळणे मात्र टाळावे. आपल्या सावळ्या त्वचेवर ठिपका जातो आणि त्याच्या जागी काळा डाग कित्येक महिने राहतो.

मग चिठ्ठीविना मिळणाऱ्या त्या ट्यूबमध्ये असते काय? अनेकदा बीटामेथासोन, मोमेटासोन किंवा क्लोबेटासोलसारखे स्टेरॉइड, सोबत कधी बुरशीनाशक, कधी रंग उजळवणारे हायड्रोक्विनोन. दोन-तीन दिवसांत लाली ओसरते, चेहरा तुकतुकीत दिसतो आणि ट्यूबवर विश्वास बसतो. दोन-तीन महिन्यांत त्वचा पातळ होते, गालावर लाल शिरा दिसू लागतात, लव वाढते आणि ज्यासाठी क्रीम आणली ते मुरूम दुपटीने उठतात. बंद केली की आग भडकते, म्हणून पुन्हा तीच लावली जाते. देशातील १२ केंद्रांवर झालेला एक अभ्यास २०११ मध्ये प्रसिद्ध झाला. चेहऱ्याच्या तक्रारी घेऊन आलेल्या २,९२६ रुग्णांपैकी ४३३ जण चेहऱ्यावर स्टेरॉइड लावत होते. मार्च २०१८ मध्ये केंद्र सरकारने १४ स्टेरॉइड मलमे ‘शेड्यूल एच’मध्ये टाकली, म्हणजे चिठ्ठीशिवाय विक्री बेकायदा ठरली. तरीही ट्यूब हातोहात मिळतात. अन्न व औषध प्रशासनाने लग्नसराईच्या आधी जिल्ह्यातील दुकानांची या एका बाबीसाठी तपासणी करावी. कायदा आहे, फक्त तो काउंटरपर्यंत पोहोचायचा आहे.

या जिल्ह्याला त्वचेच्या लाजेची किंमत माहीत असायला हवी. कुष्ठरोगामुळे घरदार सुटलेल्या परचुरेशास्त्रींची शुश्रूषा गांधीजींनी सेवाग्राममध्ये स्वतःच्या हातांनी केली. मनोहरजी दिवाण यांनी १९३६ मध्ये दत्तपूरचे कुष्ठधाम उभे केले. काळ्या ठिपक्यांची कुष्ठरोगाशी तुलना नाही. पण चेहरा लपवत गुपचूप मलम लावण्याची सवय तशीच राहिली आणि तिच्यात धोका आहे. गालावरचा बधिर चट्टा किंवा नायटा स्टेरॉइडखाली झाकला जातो आणि निदान लांबते.

ठिपके फक्त तरुणांना होतात, असेही नाही. मे महिन्यात पारा ४५ अंशांपुढे जाणाऱ्या रानात कापूस, सोयाबीन, तुरीसाठी आयुष्य घालवलेल्या म्हाताऱ्या शेतकऱ्याकडे नीट पाहावे. डोळ्यांच्या कडेला, गालाच्या हाडावर मोठाले काळे दाणे आणि जाड, पिवळसर, सुरकुतलेली त्वचा दिसते. फ्रान्समधील फाव्र आणि राकुशो यांच्या नावाने हा विकार ओळखला जातो. ऊन त्याचे मुख्य कारण, आणि विडी-सिगारेट त्याला हातभार लावते. दारूबंदी असलेल्या या जिल्ह्यात विडीवर मात्र कोणाची हरकत नाही. या दाण्यांना औषध आहे, डॉक्टर ते सुईने काढूही शकतात. पण घरचे ‘वयाने आले’ म्हणून सोडून देतात. त्यातला एखादा दाणा वाढत असेल, त्यातून रक्त येत असेल किंवा जखम भरत नसेल, तर तो कर्करोग नाही ना, हे तपासलेच पाहिजे.

तपासणीसाठी नागपूर गाठायची गरज नाही. सेवाग्रामचे कस्तुरबा रुग्णालय आणि सावंगी (मेघे) येथील आचार्य विनोबा भावे ग्रामीण रुग्णालय, दोन्हीकडे त्वचारोग विभाग आहेत. अडचण गावातून तिथवर येण्याची आहे. समुद्रपूर किंवा आष्टीच्या मुलीला नाकावरच्या ठिपक्यांसाठी बसभाडे आणि आईची एक दिवसाची मजुरी कोण देणार? २०१४ पासून चालू असलेल्या राष्ट्रीय किशोर स्वास्थ्य कार्यक्रमात मासिक पाळी, रक्तक्षय, पोषण यांवर समुपदेशन होते. त्याच बैठकीत दहा मिनिटे मुरुमांवर बोलता येतील आणि घरातली ट्यूब घेऊन यायला सांगता येईल. ट्यूबवर ‘आरएक्स’ ही खूण आहे का, एवढे एक मुलीला वाचता आले, तर तिच्या मोठ्या बहिणीच्या आणि वहिनीच्या ट्यूबवरचेही तीच वाचून दाखवेल.