टाकी गळतेय? वेल्डिंग नको, टाकीच बदला



मशागतीचे दिवस आलेत, जुने ट्रॅक्टर बाहेर निघालेत. टाकीच्या बुडाला कुणी साबण चोळलाय, कुणी एमसील लावलंय, आणि तेही टिकेना म्हणून कुणी थेट वेल्डिंगवाल्याकडं निघालाय. माझं मत स्पष्ट आहे. वीस-पंचवीस वर्षं जुनी पत्र्याची टाकी बुडातून गळायला लागली की ती डागायची नाही, बदलायची.

पहिली गोष्ट जिवाची. "डिझेल हाय, पेट्रोल थोडंच हाय" असं आपण म्हणतो. पण आपल्या देशाच्या मानकात डिझेलचा फ्लॅश पॉइंट किमान ३५ अंश धरलाय. म्हणजे तेवढ्या उष्णतेला त्याची वाफ ठिणगीनं पेटू शकते. मे महिन्यात उन्हात उभ्या ट्रॅक्टरची टाकी किती तापते ते हात लावून बघा. टाकी रिकामी केली, धुतली, तरी जोडात आणि गंजाच्या थरात डिझेल मुरलेलं राहतं. वेल्डिंगच्या उष्णतेनं त्याची वाफ होते आणि बंद टाकी बॉम्बसारखी फुटते. भरलेल्या टाकीपेक्षा रिकामी जास्त धोक्याची, कारण तिच्यात वाफ आणि हवा दोन्ही असतात. आमचा मिस्त्री म्हणाला, "पाणी भरून करतो, काय होत नाही." मी नको म्हटलं. पाण्याच्या वर चार बोटं जागा राहिली तर वाफ तिथंच बसते.

दुसरी गोष्ट पैशाची. भोक बाहेरून दिसतं तेव्हा आतून सगळं बूड सडलेलं असतं. रात्री टाकी गार पडली की आतल्या हवेतला दमटपणा पत्र्याला घामासारखा सुटतो. पाणी डिझेलपेक्षा जड, ते तळाला बसतं आणि गंज धरतो. माझ्या १९९६ च्या ट्रॅक्टरचं तेच झालं होतं. रोटाव्हेटर लावला की अर्ध्या तासात दम टाकायचा, थोडा वेळ उभा केला की परत चालू. एकानं सांगितलं पंप खोला, दुसऱ्यानं सांगितलं नोझल बदला. मी आधी फिल्टरची वाटी काढली, तर तांबडा गाळ. पंपाला हात न लावता टाकी बदलली. शेजारच्यानं मात्र पंप दोनदा करून आणला आणि परत त्याच घाण टाकीला जोडला. गंजाची बारीक पूड पंप-नोझलला खाते, आणि त्या कामाचा खर्च टाकीच्या कितीतरी पट.

"गावातला पत्रेवाला जस्ताच्या पत्र्याची टाकी स्वस्तात करून देतो," असंही एकानं सुचवलं. ते करू नका. डिझेल जस्ताला धरतं आणि त्याची घाण पुढं फिल्टरात जाते. आतून साधा रेड ऑक्साईड मारणंही तसंच, पापुद्रे सुटतात. भंगारातली जुनी टाकी घेणार असाल तर आत बॅटरी मारून बघा, बूड बोटानं वाजवून बघा.

बदलायचं काम अवघड नाही, दोघं असले म्हणजे बास. इंजिन गार असू द्या, आधी बॅटरीची निगेटिव्ह वायर काढा. डिझेल पूर्ण काढून घ्या. मग सप्लाय पाईप, रिटर्न पाईप, काट्याची वायर, पट्टे. पट्ट्याखालचं रबर नवंच घाला, नाहीतर पत्रा तिथंच घासून पुन्हा भोक पडतं. नवी टाकी आधी दोन लिटर डिझेलनं खळखळून ओता, कारखान्यातला कीसही निघतो त्यात. फिल्टर दोन्ही नवे. एअर स्क्रू ढिला करून बुडबुडे संपेपर्यंत हातपंप मारा. आणि जुनं झाकण बसवणार असाल तर त्याचं हवेचं भोक मोकळं आहे का बघा. ते बुजलं की टाकीत ओढ बसते आणि इंजिन बंद पडतं, मग आपण उगाच पंपाला शिव्या देतो.

संध्याकाळी काम संपलं की टाकी भरून ठेवायची, वर दोन बोटं सोडून. डिझेलचं बॅरल उघड्यावर उभं ठेवू नका. झाकणावर साचलेलं पावसाचं पाणी बॅरल गार पडताना आत ओढलं जातं. आडवं ठेवा.

जुनी टाकी भंगारात देताना झाकण काढून द्या आणि डिझेलची आहे हे त्या माणसाला तोंडानं सांगा. तो बिचारा तिला सरळ गॅस कटर लावतो.

कुणी जुन्या ट्रॅक्टरला प्लॅस्टिकची टाकी बसवली असेल तर पट्टे कसे बसवले ते खाली लिहा. फोटो टाकला तर बरं होईल.