दिनविशेषाची वही

मे महिना म्हणजे आपल्याकडे कुरडयांचा. गहू तीन दिवस भिजवायचे, रोज पाणी बदलायचे, मग वाटून चीक काढायचा आणि ऊन चढायच्या आत गच्ची गाठायची. नेमक्या अशा धांदलीत आमच्या चिरंजीवांनी वही पुढे केली. सुटीत रोज एक दिनविशेष लिहून ठेवायचा आणि शाळा उघडली की परिपाठात वाचायचा, असा अभ्यास मिळालाय. २१ मेच्या पानावर लिहिले होते : १९८० – 'द एम्पायर स्ट्राइक्स बॅक' हा सिनेमा अमेरिकेत प्रदर्शित झाला.

"अरे, हा काय दिनविशेष झाला?" मी म्हटलं.

"आई, आधी बघ तरी!"

मग रात्रीची झाकपाक झाल्यावर आम्ही सगळ्यांनी तो बघितला. १९७७ च्या 'स्टार वॉर्स'चा हा पुढचा भाग. अवकाशातली लढाई, बर्फाचा ग्रह (ते बर्फ नॉर्वेमधले), आणि एक हिरवा बुटका गुरू, जो खरे तर हाताने नाचवलेली बाहुली आहे. शेवटी काळ्या मुखवट्याचा खलनायक नायकाचा हात तोडतो आणि वर सांगतो, मीच तुझा बाप! सासूबाई म्हणाल्या, "आपल्या शिनिमात तं हे कवापासून चालू आहे." खोटे कशाला बोलू, मला आवडला.

पण माझे लक्ष अडकले ते लेखकांच्या नावात. लॉरेन्स कॅसडनच्या जोडीला एक नाव होते, ली ब्रॅकेट. ही बाई! या सिनेमाच्या पटकथेचा पहिला खर्डा तिने लिहिला आणि १८ मार्च १९७८ ला ती कॅन्सरने गेली. पडद्यावर आलेले तिला बघायलाच मिळाले नाही. पुढे खर्डा पुष्कळ बदलला, तरी नाव राहिले. तरुणपणी तिची रहस्यकथा वाचून एका नामांकित दिग्दर्शकाने, हॉवर्ड हॉक्सने, 'या ब्रॅकेट नावाच्या माणसाला बोलवा' असा निरोप धाडला होता म्हणतात. लिहिणारा पुरुषच असणार, असे त्याने धरून चालले होते. चिरंजीवांनी १८ मार्चचे पान काढून तिचे नाव घातले.

मग माझ्यातली शिक्षिका जागी झाली. म्हटलं, आपल्या बुलडाण्याचीही एक लेखिका घाल. ताराबाई शिंदे. वडील बापूजी हरी शिंदे इथेच सरकारी कचेरीत होते. १८८१ साली सुरतेत विजयालक्ष्मी नावाच्या तरुण विधवेवर, पोटचे मूल मारले म्हणून खटला झाला. वर्तमानपत्रांतून समस्त बायकांवर चिखलफेक झाली. ताराबाई संतापल्या आणि १८८२ मध्ये त्यांनी 'स्त्रीपुरुषतुलना' छापून आणले. बायकांवर लादता ते दुर्गुण पुरुषांत नाहीत काय, हा त्यांचा रोखठोक सवाल. टीका झाली, जोतीराव फुले मात्र त्यांच्या बाजूने उभे राहिले. नंतर पुस्तक विस्मरणात गेले, ते १९७५ मध्ये स. गं. मालशे यांनी पुन्हा छापले तेव्हा लोकांच्या हाती आले. त्र्याण्णव वर्षे! आपल्याच गावची बाई, आणि मला स्वतःला बीएला असताना पहिल्यांदा कळली.

"जन्मतारीख सांग," चिरंजीव पेन उघडून बसले.

सन १८५०, एवढेच मला मिळाले. दिवस नाही, महिना नाही.

"मग कोणत्या पानावर लिहू?"

मी गप्प झाले. जिजाऊंचा १२ जानेवारी आपल्या जिल्ह्यात शेंबडे पोरही सांगेल, त्या दिवशी सिंदखेडराजाला पाय ठेवायला जागा नसते. आणि या बाईला वहीत पान नाही.

तेवढ्यात त्याने मोर्चा आजीकडे वळवला. "आजी, तुझी तारीख?"

आधार कार्डावर १ जुलै आहे. ती शाळेच्या मास्तरांनी दिलेली, वर्गातल्या निम्म्या पोरांची तीच. "खरी मले काय माहीत बापा," सासूबाई म्हणाल्या. "माय सांगे, चीनची लढाई चालू होती, दिवाळी होऊन गेलती, अन् माय कापूस वेचून घरी आलती."

हे मी लग्नाला बारा वर्षे होऊनही कधी विचारले नव्हते. चिरंजीवांनी हिशोब मांडला. लढाई २० ऑक्टोबर ते २१ नोव्हेंबर १९६२, त्यात दिवाळीनंतरचे दिवस. म्हणजे राहिले तीन-साडेतीन आठवडे. तुमच्याही घरी सासू, आत्या, आजी असेल तर तारीख विचारू नका, खूण विचारा. कोणते पीक उभे होते, कोणता सण गेला होता, गावात कोणाचे लग्न होते. आणि कॅलेंडरच्या मागे लगेच लिहून ठेवा, कारण खूण सांगणारी माणसे थोडीच उरलीत.

नोव्हेंबरच्या एका पानावर आता 'आजी' लिहिलंय. पहिल्या पानावर, तारखेविना, ताराबाई.

"अन् त्या दिवशी काय करशील, केक कापशील?" सासूबाईंनी विचारले.

"कापू की!"

"मंग अंडं नोको टाकू त्यात."